सल्ला: सासूबाईंना नणंदेकडे ठेवून जपानला जाऊ का?

पत्र: ताई, आम्ही चौघं आहोत, मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८). यंदा हिवाळ्यात जपानला जायचं ठरतंय, दहा-अकरा रात्री. नवऱ्याला सुशी, खेकडे, रामेन सगळं खायचंय. मुलाला बर्फ आणि गरम पाण्यात बसलेली माकडं बघायचीत. सासूबाई माळकरी आहेत, मांस-मासे-अंडं काहीच नाही, एकादशी पाळतात आणि गुडघे दुखतात. नवरा म्हणतो आईला ताईकडे कल्याणला ठेवू, तिथे तिचे उगाच हाल होतील. त्या स्वतः पण म्हणतात, "मी नाही येत बाई, तुम्ही जाऊन या", पण परवा शेजारच्या काकूंना थर्मलचे भाव विचारत होत्या. एजंटने टोकियो, सप्पोरो, फुजी, क्योटो, ओसाका, हिरोशिमा असा प्लॅन दिलाय आणि रेल्वे पास घ्याच म्हणतोय. मी छोटा राइस कुकर न्यायचा विचार करतेय. डिसेंबर अखेर जावं की जानेवारीत? तिथे गरम पाण्याच्या कुंडात म्हणे कपड्यांशिवाय बसतात, सासूबाईंसोबत ते कसं जमणार? काय करू? – मध्येच अडकलेली, नाशिक

अगं, जी बाई थर्मलचे भाव विचारते तिला यायचंय, एवढं सरळ आहे ते. "तुम्ही जाऊन या" हे आपल्याकडची प्रत्येक सासू आधी म्हणतेच, ते उत्तर नसतं, ती समोरचा किती आग्रह करतो ते बघत असते. आणि विचारायचं काम तुझं नाही, तुझ्या नवऱ्याचं. त्याने "येतेस का" असं विचारूच नये, "आई, पासपोर्ट कुठे ठेवलायस, व्हिसाला द्यायचाय" एवढंच म्हणावं. बघ कशा लगेच कपाट उघडतात.

आता हाल होतील का? एजंटच्या प्लॅनने गेलात तर होतील, आणि फक्त सासूबाईंचे नाही, चौघांचे. सप्पोरो पार उत्तरेला, हिरोशिमा पार पश्चिमेला, आणि मध्ये चार ठिकाणं, दर दीड दिवसाला बॅगा भरायच्या, थंडीत स्टेशन गाठायचं, संध्याकाळी नवीन हॉटेल शोधायचं. हिवाळ्यात जपानमध्ये पाचच्या आत-बाहेर अंधार पडतो, बरीच देवळं आणि बागा चार-पाचला बंद होतात, म्हणजे हातात दिवस तसाही छोटाच असतो, त्यातला निम्मा प्रवासात घालवायचा का? सप्पोरो काट. हिरोशिमा पण काट, वाईट वाटतं पण काट. तीनच मुक्काम ठेव: टोकियो चार रात्री, नागानोकडे दोन रात्री आणि क्योटो चार किंवा पाच. जाताना टोकियोला उतरायचं आणि येताना ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून निघायचं, म्हणजे परत टोकियोला यायची कटकट नाही. एजंटला हे तिकीट जमत नसेल तर एजंट बदल.

तारखांचं म्हणशील तर डिसेंबर अखेर अजिबात नको. साधारण २९ डिसेंबर ते ३ जानेवारी त्यांचं नवीन वर्ष, ते घरगुती सणासारखं असतं, लोक गावी जातात, छोटी रेस्टॉरंट आणि म्युझियम बंद, ट्रेन तुडुंब. टोकियोच्या मेइजी देवळात पहिल्या तीन दिवसांत तीस लाखांच्या आसपास माणसं दर्शनाला येतात म्हणे, त्या रांगेत गुडघेदुखीवाल्या बाईला उभं करू नकोस. शिवाय तू महिनाभर शोधून चार शाकाहारी ठिकाणं काढशील आणि नेमकी तीच बंद असतील. जानेवारीचा दुसरा पंधरवडा बघ, २६ जानेवारीची सुट्टी जोडून शाळेची रजा पण कमी लागेल. फक्त त्या वर्षी चिनी नवीन वर्ष कधी आहे ते बघून घे, ते कधी जानेवारीच्या शेवटी येतं कधी फेब्रुवारीत, त्या आठवड्यात हॉटेलं महाग असतात.

थंडीची भीती जितकी वाटतेय तितकी नाही, तुम्ही नाशिकचे आहात, निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या दरवर्षी वाचता. टोकियोत जानेवारीत पहाटे एक-दोन डिग्री असतं आणि दुपारी दहाच्या आसपास, हवा कोरडी, आकाश एकदम निळं, आणि बर्फ जवळजवळ पडतच नाही. फरक हा की आपल्याकडे अकरा वाजता स्वेटर काढावा लागतो, तिथे दिवसभर काढता येत नाही, आणि वारा असला की कान दुखतात. पण फुजी बघायला हाच सगळ्यात चांगला सीझन, उन्हाळ्यात तो ढगात लपलेला असतो, हिवाळ्यात सकाळी लख्ख दिसतो. त्यासाठी वेगळा मुक्काम पण नको, शिंजुकूला टोकियो महानगर सरकारची इमारत आहे, तिच्या ४५व्या मजल्यावर २०२ मीटर उंचीवर गॅलरी आहे, लिफ्टने वर जायचं, एक पैसा लागत नाही, स्वच्छ सकाळ असेल तर तिथून फुजी दिसतो. जवळूनच बघायचा असेल तर शिंजुकूवरून बसने दोनेक तासांत कावागुचिको तळं, एका दिवसात जाऊन येता. हवामान बघून आदल्या दिवशी ठरवा, महिनाभर आधी नाही.

बर्फासाठी नागानो. टोकियोहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तास, बस्स. तिथून छोट्या खाजगी रेल्वेने पाऊण तासात युदानाका, आणि तिथून जवळच ते जिगोकुदानी, माकडांचं. आता हे नीट वाच. बसमधून उतरल्यावर माकडांपर्यंत जंगलातली साधारण १.६ किलोमीटरची पायवाट आहे, जायला अर्धा-पाऊण तास, यायला तेवढंच, आणि जानेवारीत त्यावर बर्फ दाबून दाबून काचेसारखा झालेला असतो. गाडी आत जात नाही. सासूबाईंना तिथे नेऊ नकोस, "हळूहळू येतील" असं पण म्हणू नकोस. तुम्ही दोघांपैकी एकाने मुलाला घेऊन जायचं, ग्रिपवाले बूट घालून, आणि सकाळी लवकर. माकडं पिंजऱ्यात नसतात, डोंगरातून रोज खाली येतात, त्यांच्यासाठीच केलेल्या कुंडात बसतात, डोळे मिटून, डोक्यावर बर्फ. थंडी जास्त असली की जास्त बसतात. खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही, हे मुलाला आधीच दहादा सांग.

तोपर्यंत दुसऱ्याने सासूबाईंना घेऊन नागानो शहरातल्या झेंकोजीला जावं. खूप जुनं, सातव्या शतकातलं बौद्ध देऊळ आहे, मुख्य मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत, तिची प्रतिकृती सुद्धा सहा वर्षांतून एकदा बाहेर काढतात. गाभाऱ्याखाली मिट्ट काळोखाचा बोळ आहे, भिंत चाचपत जायचं आणि अंधारात एका कुलपाला हात लागला की पुण्य. पायऱ्या उतरायला लागतात, तेव्हा ते त्यांच्या मर्जीवर सोड. देवळाच्या रस्त्यावर ओयाकी मिळतात, कणकेच्या किंवा बकव्हीटच्या गोल पाऱ्या, आत भोपळा, पालेभाजी नाहीतर गोड लाल बीन्सचं सारण, हे गोड सारणाचं म्हणजे थेट त्यांच्या गावची पुरणपोळी गोल गोळा करून भाजल्यासारखं लागतं, तो एक तरी खायला घाल. भाजीच्या सारणात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, असतो, कधी माशाचा अर्क पण, म्हणून गोडच सुरक्षित.

हा माशाचा अर्क, हेच खरं प्रकरण आहे, मटण-मासे ओळखता येतात, हा दिसत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, तो बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून आणि कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून करतात. मिसो सूपमध्ये तो, उदोन-सोबा या नूडल्सच्या रश्श्यात तो, भाजीच्या तेम्पुरासोबतच्या (त्यांची भजी) वाटीतल्या पाण्यात तो, ओसाकाच्या ओकोनोमियाकी नावाच्या धिरड्याच्या पिठात तो आणि वरून माशाचे पापुद्रे हलत असतात ते वेगळेच. त्यामुळे वेटरला "व्हेज?" विचारलंस आणि तो हसून हो म्हणाला तरी काही खरं नाही, त्याच्या दृष्टीने त्यात मांस नाहीये एवढंच तो सांगतोय. जपानीत एक कार्ड लिहून घे, आम्ही मांस, मासे, अंडी, आणि माशाची दाशी काही खात नाही, असं प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन, आणि ते लॅमिनेट करून सासूबाईंच्याच पर्समध्ये ठेव, म्हणजे त्या स्वतः दाखवतील, कुणावर अवलंबून नाही. पाकिटावरचं वाचायला फोनवरचं कॅमेरा ट्रान्सलेट पुरतं. पाकिटावर ॲलर्जीचे जे पदार्थ ठळक लिहितात त्यात अंडं-दूध येतं पण बोनिटो येत नाही, त्यामुळे तेवढंच बघून निर्धास्त होऊ नकोस, खालचे बारीक अक्षरातले जिन्नस पण वाच.

मग त्या खाणार काय? बरंच काही, फक्त चौघांनी प्रत्येक जेवण एकाच टेबलवर, एकाच हॉटेलात केलं पाहिजे हा हट्ट सोड. ट्रिपमधली निम्मी भांडणं या हट्टातून होतात. सकाळचा नाश्ता रूमवर, दुपारचं एक जेवण सगळ्यांचं मिळून आणि ते सासूबाईंच्या सोयीचं, रात्री नवरा आणि मुलगा (किंवा नवरा आणि तू, हं, तुला पण खायचं असेलच की) बाहेर जाऊन काय ते खेकडे खाऊन येतील.

कुकर नेऊ नकोस. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपला कुकर २३० व्होल्टचा, तिथे लावलास तर पाचव्या हिश्श्याइतकीच पॉवर मिळेल, तांदूळ भिजत पडतील आणि सगळे उपाशी. फोनचे चार्जर चालतात, पण दोन चपट्या पिनांचा ॲडाप्टर लागतो. त्यापेक्षा असं कर: तिथल्या कोणत्याही सुपरमार्केटमध्ये, कन्व्हिनिअन्स स्टोअरमध्ये शिजवलेल्या पांढऱ्या भाताची बंद पाकिटं मिळतात, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं, रूममध्ये नसेल तर बऱ्याच दुकानांत तिथेच गरम करून देतात. त्यांचा तांदूळ आखूड, चिकट, आपल्या मऊ भाताला एकदम जवळचा. घरून मेतकूट ने, लिंबाचं लोणचं ने, आणि बटर तिथलं होक्काइडोचं घे, मेतकूट-भात-बटर, सासूबाई हॉटेलचं नाव काढणार नाहीत. किटली जवळजवळ प्रत्येक रूममध्ये असते, त्यामुळे गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा चालतील. कोरडं सामान ने, चिवडा, दशम्या, भाजणी, लाडू. कच्चे तांदूळ-डाळी, ताजी फळं, कढीपत्ता, मिरच्या असलं काही बॅगेत टाकू नकोस, तिथे विमानतळावर वनस्पती तपासणी कडक असते, कुत्री पण असतात वास घ्यायला.

एकादशीचं तर मला फारच आवडलं, कारण जपानचा हिवाळा म्हणजे भाजलेली रताळी. सुपरमार्केटच्या दाराशीच गरम पेटीत ठेवलेली असतात, याकी-इमो, कागदात गुंडाळून देतात, आतून मध गळतोय इतकी गोड. सोबत केळी, दूध, संत्र्यासारखी छोटी मिकान, आणि चिबा प्रांतातले भाजलेले शेंगदाणे, तो प्रांत शेंगदाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. उपासाला आणखी काय पाहिजे. तारखा पक्क्या करायच्या आधी कालनिर्णय बघून ठेव, एकादशी प्रवासाच्या दिवशी येत असेल तर आदल्या रात्रीच रताळी घेऊन ठेवायची, गार पण छान लागतात.

बाहेरचं एकत्र जेवण: टोकियो स्टेशनच्या तिकीट गेटच्या आत टीज तानतान नावाचं दुकान आहे, पूर्ण वनस्पतीजन्य रामेन, दाशी नाही, अंडं नाही. नागानोला जायच्या दिवशी तिथेच जेवा आणि वर शिंकान्सेन पकडा, नवरा पण खाईल, त्याला कळणार नाही असं नाही पण तक्रार करणार नाही. कोको इचिबान्या नावाची करी-राइसची साखळी आहे, तिच्या काही शाखांत शाकाहारी करी वेगळी मिळते, नेहमीच्या करीत मांसाचा अर्क असतो म्हणून वेगळी मागायची. फिरत्या पट्ट्याच्या सुशीच्या दुकानात सुद्धा सगळे एकत्र बसू शकता, सासूबाईंना काकडीचा रोल, कप्पा माकी म्हणायचं, प्रत्येक टेबलाला गरम पाण्याचा नळ असतो, कपात ग्रीन टीची पूड घालून चहा आपणच करायचा, मुलगा तर त्या पट्ट्यावरच खूश. आणि वरण-भाताची अगदीच आठवण आली तर टोकियोत निशी-कासाई, तिथे इतकी भारतीय कुटुंबं राहतात की दुकानात हिंदी ऐकू येतं. तो एदोगावा वॉर्ड, महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्याच कौन्सिलवर निवडून आले होते. पण रोज रोज नान आणि बटर पनीर खायला जपानला कशाला जायचं, एक दिवस पुरे.

क्योटोत सासूबाईंची खरी मेजवानी आहे. तिथल्या बौद्ध देवळांतलं जेवण, शोजिन र्योरी, त्यात मांस-मासे तर नाहीतच पण कांदा-लसूण सुद्धा नाही, आणि दाशी पण कोंबू आणि शिताके अळंब्यांची. आराशियामाला तेनर्युजी देवळाच्या आवारात शिगेत्सु नावाचं आहे, फक्त दुपारी. पारंपरिक बैठक जमिनीवरची असते, म्हणून बुकिंग करतानाच गुडघ्यांचं सांगून खुर्चीचं विचार. नान्झेनजीच्या बाजूला युदोफु, म्हणजे मातीच्या भांड्यात उकळत ठेवलेलं मऊसूत टोफू, थंडीत फार छान, पण बुडवायच्या सॉसमध्ये दाशी असते, तो बाजूला ठेवून नुसतं मीठ किंवा साधा सोया सॉस मागायचा. अळंबी त्यांना चालतात का हे मात्र आताच विचारून घे, तिथे ताट समोर आल्यावर नको.

कुणी तुला कोयासानचं सुचवेल, डोंगरावरची देवळं, देवळातच राहायचं, देवळातलंच जेवण. सुंदर आहे, इ.स. ८१६ पासूनचं क्षेत्र, तिथल्या विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा पण आहे, २०१५ ला महाराष्ट्र सरकारतर्फे बसवलेला. पण आठशे मीटर उंची, जानेवारीत बर्फ, जुन्या इमारतींचे थंडगार पॅसेज आणि बऱ्याच ठिकाणी संडास खोलीच्या बाहेर, रात्री दोनला सासूबाईंना उठावं लागतं ना? मग नकोच. एप्रिलमध्ये कधी गेलात तर जरूर.

नवऱ्याचं सोपं आहे, हिवाळा हा त्याचाच सीझन. जपानच्या पश्चिम किनाऱ्याचे खेकडे नोव्हेंबर ते मार्च, थंडीतला बुरी मासा चरबीने भरलेला, कालवं पण आताच, ओसाकाला फुगू, मासा विषारी पण तो लायसन्सवाला आचारीच कापतो त्यामुळे घाबरू नये. टोकियोत पहाटे एकट्याने उठून त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजारात जाऊ दे त्याला, तुम्ही झोपा. फक्त एक सांग त्याला, एकाच भांड्यात उकळणाऱ्या नाबेमधून "आई, तू नुसत्या भाज्या काढून घे" असं म्हणायचं नाही. ते चालत नाही आणि त्या बिचाऱ्या बोलणार नाहीत, उपाशी उठतील.

गरम पाण्याची कुंडं, ओन्सेन. हो, कपड्यांशिवायच, स्विमसूट पण चालत नाही, पण बायका वेगळ्या आणि पुरुष वेगळे, आधी बसून स्वच्छ आंघोळ करायची आणि मगच पाण्यात उतरायचं, कुणी कुणाकडे बघत नाही. मुलगा नऊ वर्षांचा म्हणजे बाबांबरोबर जाणार, सात वर्षांपुढच्या मुलांना आईबरोबर नेत नाहीत आता. तू आणि सासूबाई एकत्र? अगं काही गरज नाही. बऱ्याच हॉटेलांत तासाच्या हिशोबाने खाजगी कुंड मिळतं, दार आतून लावायचं, आधी तू जा मग त्या, किंवा त्या एकट्याच. बीपीची गोळी असेल तर डॉक्टरांना विचार, पाणी चाळीसच्या वर असतं आणि बाहेर शून्य, एकदम आत-बाहेर केलं की चक्कर येते. नाहीतर आशियु, पाय सोडून बसायची कुंडं, गरम पाण्याच्या गावांतून फुकट असतात, साडी जरा वर धरून बसायचं, गुडघ्यांना त्याहून चांगलं काही नाही. तिथल्या पारंपरिक हॉटेलात, र्योकानमध्ये, गादी जमिनीवर घालतात. पलंगाची रूम मागून घे, मिळते, आणि रात्रीचं जेवण नको, फक्त राहायचं असं बुक कर, कारण त्यांचं बारा वाट्यांचं जेवण म्हणजे अर्धं समुद्रातलं, आणि ऐनवेळी बदलून मागणं त्यांना पण अवघड जातं.

रेल्वे पास नको. सात दिवसांचा साधा पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. तुमच्या रस्त्याला टोकियो-नागानो आणि पुढे नागोयाला गाडी बदलून क्योटो, सुटी तिकिटं काढलीस तर माणशी वीस हजार येनच्या आसपास होतात, आणि मुलाचं अर्धं. एजंट का आग्रह करतोय ते तूच समज. शहरात फिरायला सुइका कार्ड, आधी पैसे भरून ठेवायचे, टच करून चालायचं. येनचे रुपये करायचे तर निम्मे करून थोडे वाढव, ढोबळ हिशोब बरोबर येतो. क्योटोत बस गर्दीच्या असतात, चौघं आहात, टॅक्सी कर, दार आपोआप उघडतं, हात लावू नका.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ताक्युबिन. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर मोठ्या बॅगा द्यायच्या, क्योटोच्या हॉटेलचा पत्ता आणि तारीख लिहायची, बॅगेमागे दोन-तीन हजार येन, बॅगा आपोआप पोचतात. तुम्ही नागानोला पाठीवरची छोटी बॅग घेऊन मोकळ्या हातांनी जायचं. बर्फात चाकांची बॅग ओढणं म्हणजे काय ते एकदा ओढल्याशिवाय कळत नाही, ओढूच नकोस.

टोकियोत सासूबाईंसाठी एक खास जागा, असाकुसाच्या मोठ्या देवळापासून दहा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन. तिथला देव म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला, आणि त्याला नैवेद्य मुळ्याचा! खरंच, पांढरा जाडजूड मुळा, तिथेच विकत मिळतो. मूर्ती झाकलेली असते. टेकडीवर आहे पण चढायला छोटा रेल-पाळणा आहे. आणि क्योटोत सांजुसांगेन्दो, सपाट, आतल्या आत, कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या १००१ मूर्ती रांगेत आणि पुढे अठ्ठावीस रक्षक देवता, त्यात गरुड आहे, इंद्र आहे, नारायण आहे. माळकरी बाईला नारायण भेटला की ती गुडघे विसरते. मात्र बूट काढून लाकडी जमिनीवर चालायचं, ती बर्फासारखी गार, दोन मोजे घालून जा.

नाराला एक दिवस. हरणं तांदळाच्या कोंड्याची बिस्किटं मागायला मान झुकवतात आणि नाही दिलं तर पदर ओढतात, पदर खोचून घ्यायला सांग. तिथला तोदाइजीचा पंधरा मीटरचा बुद्ध, ७५२ साली त्याचे डोळे उघडायचा विधी भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने केला होता. जानेवारीचा चौथा शनिवार साधत असेल तर संध्याकाळी तिथे आतषबाजी करून अख्खी टेकडी पेटवतात, वाकाकुसाची, मुलगा वर्षभर तेच सांगत बसेल. हवा खराब असली तर पुढे ढकलतात. एक दिवस बापलेकांना ओसाकाच्या युनिव्हर्सल थीम पार्कला पाठव, तू आणि सासूबाई क्योटोत निवांत चहा प्या, चौघांनी तिथे रांगेत थंडीत उभं राहायची काही गरज नाही.

कपड्यांचं, एक जाड कोट घेण्यापेक्षा थर्मल, मग लोकर, मग वारा अडवणारं जाकीट असे थर कर, कारण ट्रेनमध्ये आणि दुकानात हीटर इतके असतात की घाम येतो. सासूबाई साडीच नेसणार असतील तर आतून थर्मलची पँट, बूट न वाकता घालता येतील असे. काइरो नावाच्या गरम होणाऱ्या पुड्या कुठेही मिळतात, कपड्यावर चिकटवायच्या, अंगाला थेट नाही आणि झोपताना तर नाहीच. व्हेंडिंग मशीनमध्ये लाल पट्टीचं पेय गरम, निळ्या पट्टीचं गार. कॉर्न सूपमध्ये कधी चिकनचा अर्क असतो, त्यांना दुधाचा चहा दे. संडासाची काळजी सोड, गरम सीट आणि पाण्याचा फवारा, आपल्या माणसांना तिथे एकदम घरच्यासारखं वाटतं.

आणि औषधं. सर्दीच्या गोळ्या टाकशीलच बॅगेत, पण स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये नेता येत नाही, कोडीनवाल्या खोकल्याच्या सिरपचं पण तसंच त्रांगडं आहे, डॉक्टरांना नावं दाखवून घे. सासूबाईंच्या रोजच्या गोळ्या महिनाभराच्या आत ठेव, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, आणि ताक्युबिनच्या बॅगेत नाही, हातातल्या पर्समध्ये. ई-व्हिसा मिळाला तर तो विमानतळावर फोनवर चालू साइट उघडूनच दाखवावा लागतो, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, म्हणून चौघांचे व्हिसा एकाच फोनवर ठेवून त्या फोनची बॅटरी मुलाच्या गेममध्ये संपवू नका.